आडनाव नसलेल्या दोन लक्ष्मम्मा

"सुनीताताई, स्कीमा कडक करा. आजच्या आज," निनाद माझ्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला.

निनाद आमचा प्रॉडक्ट हेड. पुण्याचा, माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान. काम करून घ्यायचं असलं की मी 'ताई', चिडला की 'मॅडम'. त्या वेळी अजून 'ताई'च होते.

आमची कंपनी बंगळुरूतल्या छोट्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करते. सर्व्हरची बाजू माझ्याकडे. ती जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली आहे. रिसेप्शनवर भरलेला प्रत्येक फॉर्म आधी सर्व्हरच्या दाराशी येतो आणि तिथे त्याची स्कीमाशी गाठ पडते. स्कीमा म्हणजे एक यादी. काय आलंच पाहिजे, ते अक्षरांत हवं की आकड्यांत, किती लांब, कोणत्या साच्यात. यादीत बसलं तर आत. नाही बसलं तर परत, आणि रिसेप्शनच्या स्क्रीनवर तो रकाना लाल. मला याद्या आवडतात. वाण्याची, प्रवासाची, राहिलेल्या कामांची. ही यादीही चार वर्षांपूर्वी मीच लिहिली होती.

आदल्या दिवशी बसवनगुडीतल्या एका दवाखान्यात लक्ष्मम्मा नावाच्या बाई पायाची जखम चिघळली म्हणून आल्या. डॉक्टरांनी स्क्रीन पाहिली. ॲलर्जी: नाही. त्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन लिहिलं. सिस्टर सुई भरत असताना बाईंनी कमरेच्या पिशवीतून घडी घातलेली जुनी चिठ्ठी काढली. 'पेनिसिलिन देऊ नये.' पूर्वी एकदा त्या सुईने त्यांचा श्वास अडकला होता. चिठ्ठी घरी राहिली असती तर काय झालं असतं, ते मी अजूनही पूर्ण विचार करून पाहिलेलं नाही.

डॉक्टर निनादवर फोनवर बरसले. कारण ही ॲलर्जी त्यांनी स्वतः काही महिन्यांपूर्वी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये नोंदवली होती. ती गेली कुठे?

निनादचा निष्कर्ष तयार होता. "लोक आडनावात ठिपका टाकतात, एनए टाकतात. कचरा आत येतो म्हणून हे होतं. ठिपका बंद, एनए बंद, किमान तीन अक्षरं. आणि गुरुवारी मोठ्या हॉस्पिटलशी आपला डेटा जोडायचाय. त्यांच्याकडे आडनाव मँडेटरी आहे."

"आधी बघते."

"बघायचं काय त्यात? एका ओळीचा बदल आहे."

"म्हणूनच बघते."

सर्व्हर आपल्या प्रत्येक कृतीची नोंद ठेवतो, तिला लॉग म्हणतात. लॉगमध्ये उत्तर अर्ध्या तासात सापडलं. त्या दवाखान्यात लक्ष्मम्मा दोन होत्या. दोघींचं आडनाव एनए, म्हणजे 'लागू नाही'. दोघींची जन्मतारीख एक जानेवारी, सालही एकच. दोघींचा फोन नंबर तोच, आणि तो चक्क दवाखान्याचा. एवढं सगळं जुळलं की आमचा सर्व्हर दोन नोंदी एकाच माणसाच्या समजतो, त्या जोडतो आणि नवी माहिती जुनीवर लिहितो. दुसऱ्या लक्ष्मम्मांना ॲलर्जी 'नाही' होती. ते 'नाही' पहिलीच्या 'आहे'वर बसलं.

आणि दोन्ही फॉर्म स्कीमातून बिनतक्रार पास झालेले. सगळे रकाने हिरवे. एकही खरा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बनशंकरीहून रिक्षा करून मी थेट त्या दवाखान्यात गेले आणि रिसेप्शनवरच्या सुजाताक्कांच्या शेजारी स्टूल घेऊन बसले. मी निपाणीची, त्यामुळे कन्नड घरचंच. समोर एक म्हातारी उभी होती.

"नाव?"

"गंगम्मा."

"पुढे?"

"अष्टे," म्हातारी म्हणाली. एवढंच. 'पुढे काय' हा प्रश्न तिला कळलाच नव्हता. सुजाताक्कांनी न बघता एनए टाइप केलं. जन्मतारीख? म्हातारीने हात हवेत फिरवला. एक जानेवारी. फोन? मुलाकडे असतो. दवाखान्याचा नंबर. ॲलर्जी? हे तर विचारलंही नाही. यादीतलं पहिलंच 'नाही' दाबलं आणि फॉर्म गेला.

"अक्का, हे सगळं खोटं आहे," मी म्हटलं.

"मग खरं कुठे लिहू? रिकामं सोडलं की तुमचं लाल होतं. लाल झालं की पुढे जात नाही, आणि रांगेतली माणसं मला बोलतात. तुम्हाला बोलतात का?"

"आता आडनावाला तीन अक्षरं लागतील म्हणताहेत."

"सरी, ठीक आहे मॅडम. तीन एक्स टाकेन."

आमच्या निपाणीच्या घरी पाहुणा टेकायच्या आत वडील विचारायचे, "आडनाव काय? गाव कुठलं?" आडनाव नसलेला माणूस असतो हे मला बंगळुरूत येऊन वीस वर्षं झाली तरी सुचलं नव्हतं. शेजारचे एस. नागराज. त्या 'एस'चं पुढे काय, हे मी कधी विचारलंही नव्हतं. स्कीमात 'आडनाव आवश्यक' लिहिताना मी कोड लिहीत नव्हते, वडिलांचा प्रश्न लिहीत होते. आणि इथल्या अर्ध्या बायकांना त्या प्रश्नासाठी खोटं बोलायला लावत होते.

ऑफिसात येऊन नवी यादी केली. आडनाव ऐच्छिक. जन्मतारीख नसेल तर अंदाजे वय. फोन नसेल तर 'फोन नाही'. ॲलर्जीला तीन उत्तरं: आहे, नाही, विचारलेलं नाही. न दाबता आपोआप यायचं ते तिसरं. 'आहे'वर 'नाही' कधीच लिहिलं जाणार नाही. आणि दोन नोंदी सर्व्हर स्वतः जोडणार नाही, रिसेप्शनला विचारेल.

निनादने ती उभ्याउभ्या वाचली.

"मी कडक करा म्हटलं होतं. तुम्ही दार उघडं टाकलंत."

"दार कडकच आहे. खोटं बोलायला लावणारं नाही, इतकंच."

"हॉस्पिटलवाल्यांना काय सांगू? पेशंटला आडनाव नाही?"

"हो. तेच सांगा. आडनाव नाही."

"त्यांची सिस्टिम रिकामं घेत नाही."

"म्हणजे त्यांच्या सिस्टिमला लक्ष्मम्मा चालत नाही. तसं त्यांच्याकडून लेखी घ्या."

"मॅडम," निनाद म्हणाला. आता मी 'मॅडम' झाले होते. "तीन अक्षरांचा बदल मी दुसऱ्या कोणाकडून करून घेतो. तुम्ही फक्त अप्रूव्ह करा." आमच्याकडे कोडमधला प्रत्येक बदल रिव्ह्यूमध्ये टीममधल्या दुसऱ्या कोणी तपासून मान्य केल्याशिवाय सर्व्हरवर जात नाही.

"नाही करणार."

"मग तुमच्याशिवाय अप्रूव्ह होईल."

"होऊ दे. रिव्ह्यूमध्ये माझा नकार राहील, कारणासकट. उद्या सुई कोणाला चुकून टोचली तर कोणी काय म्हटलं होतं ते शोधायला लागणार नाही. माझं नाव आहे, आडनावही आहे."

तो बदल कोणी अप्रूव्ह केला नाही. माझा नकार वाचल्यावर त्याखाली 'चालेल' लिहायला टीममध्ये कोणी तयार झालं नाही.

गुरुवारच्या मीटिंगमध्ये मीच बोलले. हॉस्पिटलच्या इंजिनिअरने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, आमच्याकडे रकाना भरावाच लागेल, आम्ही आमच्या बाजूला ठिपका टाकून घेऊ. मी म्हटलं, टाका. तुमचा ठिपका तुमच्या हद्दीत. आमच्याकडे रिकामं ते रिकामंच राहील. जोडणी महिनाभर लांबली. ती लांबली म्हणून कोणी दगावलं नाही.

दोन्ही लक्ष्मम्मांना सुजाताक्कांनी बोलावून घेतलं, शेजारी बसवून विचारलं आणि नोंदी वेगळ्या केल्या. पहिलीच्या नावापुढे आता लाल अक्षरांत पेनिसिलिन दिसतं. आडनावाचा रकाना दोघींचा रिकामा आहे.

यातून मी एक ओळ माझ्या यादीत लिहून ठेवली: रिकामा रकाना निदान खरं बोलतो.

वर्षाच्या शेवटी माझं अप्रेझल आलं. 'उणिवा' या मथळ्याखाली निनादने लिहिलं होतं: लवचीक नाहीत. मी जाऊन विचारलं, "हे मनापासून?"

तो जरा ओशाळला. "तसं नाही हो, ताई. तो रकाना रिकामा सोडला तर फॉर्म पुढे जात नाही."