यजमान कोण?

कुमुदताईंची आणि माझी पहिली भेट पंचवटीतल्या आमच्या घरी झाली. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या स्त्रियांसाठी पौरोहित्याचा वर्ग काढणार होत्या आणि काही शंका विचारायला माझ्या वडिलांकडे आल्या होत्या. वडिलांनी मला घरीच मंत्र शिकवले होते. ते म्हणाले, "हिला न्या. पाठांतर पक्कं आहे, पण फार घाबरते."

ताईंनी मला एकच प्रश्न विचारला, "यजमान म्हणजे कोण?"

पंचवटीत हा शब्द उठता-बसता कानावर पडतो. अनोळखी यात्रेकरूलाही "या यजमान" म्हणून बोलावतात, आणि आई तर वडिलांनाच ‘आमचे यजमान’ म्हणायची. मी म्हटलं, "जे दक्षिणा देतात ते."

वडील हसले. ताई हसल्या नाहीत. "देतात, पण शेवटी. आधी पूजा करतात. आपण फक्त सांगणाऱ्या."

वर्गात एकदा कुणी गमतीनं विचारलं, "ताई, श्रावणात किती गिऱ्हाईकं?" ताई म्हणाल्या, "गिऱ्हाईक दुकानात येतं. इथे आपण त्यांच्या देवघरापर्यंत जातो. चपला आणि हा शब्द, दोन्ही बाहेर ठेवा." समई यजमानांनीच लावायची, हा त्यांचा नियम. प्रत्येक कृतीचा अर्थ त्या साध्या मराठीत सांगत.

माझा एखादा स्वर चुकला की मी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. गंगापूर रोडवरच्या एका पूजेत असं बराच वेळ चाललं. परतताना ताई एवढंच म्हणाल्या, "तुझा उच्चार सुधारला गं, पण बसून बसून यजमानांचे पाय गेले!" पुढच्या पूजेपासून त्या माझ्या शेजारी बसू लागल्या. मी अडखळले की हलकेच पुढची ओळ उचलून देत.

मखमलाबादची वास्तुशांत मात्र विसरता येत नाही. भाजीचा मळा करणाऱ्या मंदाताईंनी पतीच्या माघारी घर बांधलं होतं. आम्ही पोचलो तेव्हा पाटावर त्यांचे दीर आणि जाऊ बसलेले. मंदाताई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. ताईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "यजमान कोण?"

"आम्हीच की," दीर म्हणाले. "वहिनीचे यजमान नाहीत ना आता."

"भिंतींना पाणी कुणी मारलं?"

मंदाताई हळूच म्हणाल्या, "मीच. सकाळ-संध्याकाळ."

"मग तुम्ही बसा."

"असं कुठं असतं का? आम्ही जेवायला थांबणार नाय," दीर म्हणाले. मी घाबरून ताईंचा पदर ओढला. त्यांनी शांतपणे आपलं आसन गुंडाळायला घेतलं. तेवढ्यात कोपऱ्यातून सासूबाई कडाडल्या, "ए नामदेव, ऊठ! भिंती भिजवायला आला व्हता का? पाट गरम करायला बरा आला. मंदे, बस. भात निवतोय."

मंदाताई बसल्या. संकल्पात स्वतःचं नाव उच्चारताना त्यांचा आवाज फुटेना. ताईंनी घाई केली नाही. ते नाव पूर्ण उमटेपर्यंत थांबल्या. दीरही जेवायला थांबले, आणि पंगतीत वाढायलाही उठले.

ताई स्वतः मात्र कधी पाटावर बसल्या नाहीत. विवाह केला नाही, म्हणून घरच्या प्रत्येक कार्यात भाऊ-वहिनी बसले आणि ताई मंत्र सांगत राहिल्या. आता त्यांच्या पंच्याहत्तरीची शांत ठरली आहे. "भाचा आणि सूनबाई बसतील," असं त्यांनी परवा सहज सांगितलं. आम्ही शिष्यांनी माना डोलावल्या, पण आमचं ठरलं आहे.

त्या दिवशी मंत्र आम्ही सांगू. पाट एकच मांडू. समईजवळ काडेपेटी ठेवू आणि सुरुवातीला त्यांचाच प्रश्न मोठ्यानं विचारू. ताई, उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे. आवाज फुटला नाही तरी हरकत नाही, आम्ही थांबू. थांबायला तुम्हीच शिकवलंत. तुमची प्रकृती ठणठणीत राहो, आणि शंभरीच्या पूजेलाही हा पाट तुमच्यासाठीच मांडण्याचं भाग्य आम्हाला लाभो.