बाबांची झोप

डोक्याला तारा चिकटवायच्या मलमाचा वास आला की मला बाबांचं घोरणं आठवतं. तेव्हा मी दिल्लीत झोपेच्या अभ्यासाला नुकतीच लागले होते. कॉलेजात गेलेली आमच्या घरातली पहिलीच. दुपारच्या झोपेच्या नोंदींना एक माणूस कमी पडत होता आणि अहवाल दुसऱ्याच दिवशी द्यायचा होता. म्हणून छावणीतून बाबा आले. फौजी माणूस, कॉटवरही सावधानमध्ये पडले, डोळे टक्क उघडे. अर्ध्या तासाने काचेमागे मी रडकुंडीला आलेली त्यांना दिसले असावे. त्यांनी पटकन डोळे मिटले आणि असे घोरू लागले, की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. मी खूश! मला शिकवणाऱ्या मॅडमनी पडद्यावरच्या रेघा पाहिल्या आणि म्हणाल्या, "बेटा, तुम्हारे पापा तो जागते हुए खर्राटे ले रहे हैं." तारा काढताना बाबांनी हळूच विचारलं, "जमलं ना गं?" मी म्हटलं, "एकदम, बाबा." परतीच्या बसमध्ये ते माझ्या खांद्यावर खरोखर झोपले, अजिबात न घोरता. आर. के. पुरम मागे पडलं, मग आमचा थांबाही गेला. मी त्यांना उठवलं नाही. आता माझ्या कपाटात कितीतरी माणसांच्या झोपा नोंदलेल्या आहेत. ती एक तेवढी नाही.