बार मानेवर

"गादी सोड आधी," मास्तर म्हणाले.

व्यायामशाळेत मी वजनाच्या बारखाली शिरलो होतो. दोन्ही हात लोखंडाला. बारच्या मधोमध कापडाची गुंडाळी बांधलेली असायची, आत कापूस. बैठका मारताना लोखंड मानेला रुतू नये म्हणून. माझ्याआधी लोणावळ्याच्या व्यापाऱ्यांची पोरं त्याच गादीवर बैठका मारून गेली होती. ती त्यांच्या घामानं ओली होती.

मला वाटलं, गाठ सैल झाली असंल. विचारलं, "नीट बांधू का?"

"बांधू नको. सोड. तुमच्या अंगाला धुराचा वास असतो. पोरं कुरकुरतात."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळे असे उभे, जणू मास्तरांनी खिडकी लावायला सांगितली होती. मीच माझ्या हातानं गाठ सोडली. गादी खुंटीला अडकवली.

मी ठाकर, आदिवासी. मळवलीच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी आमची वाडी. एका खोलीत चूल, तिथंच झोपणं. वास येतच असणार. पण व्यायामशाळेत मी आपणहून गेलो नव्हतो. मळवलीला ज्या बंगल्यावर मी बागकाम करायचो, त्याचे शेठ व्यायामशाळेचे अध्यक्ष. विहिरीवरची शिळा मी एकट्यानं सरकवताना त्यांनी बघितलं आणि मला जीपमध्ये घालून मास्तरांपुढं उभं केलं.

उघडं लोखंड मानेच्या मणक्यावर बसलं की डोळ्यांपुढं अंधारी यायची. मग मी बार खाली सरकवला. पाठीवर, फऱ्यांवर, जिथं मांस आहे. तिथं तो टिकायचा. पण मग पुढं वाकावं लागायचं. ढुंगण मागं, छाती जमिनीकडं. ओझं घेऊन वाकणं मला नवं नव्हतं. बानं जन्मभर बंगल्यांवर सामान वाहिलं, मीही वाहिलं. असा वाकून बैठका मारत मी सगळ्या पोरांच्या वर वजन घ्यायला लागलो.

मास्तर खूश. मुंबईचे पाहुणे आले की मला हाक. बारला लोखंडी चकत्या चढवत जायचं आणि मी बसून उठायचं. एकदा एका पाहुण्यानं माझी मांडी दाबून बघितली. बाजारात बैलाची बघतात तशी. शेठ कौतुकानं म्हणाले, "अजून वाढतंय ते."

ते. माणसाला तो म्हणतात. मला ते.

मग पुण्याच्या स्पर्धेसाठी पोरं निवडायची वेळ आली. मी म्हणालो, मलाही न्या. तिथं वजन छातीवर झेलून ताठ उठायचं, मग डोक्यावर न्यायचं. मास्तरांपुढं मी झेललं. उठताना पुढं कललो आणि वजन सोडून तोंडावर आपटलो.

मास्तर म्हणाले, "तुम्हाला वाकूनच जमतं. ताठ राहणं तुमच्या अंगातच नाही."

घरी आलो. स्वस्थ बसवेना. भाकर तशीच टाकून उठलो आणि खळ्यात फेऱ्या मारत राहिलो. राग कुणाचा तेच कळेना. आधी स्वतःचा आला. मग एकदम थांबलो. मी वाकतो, कारण बार खाली घेतो. बार खाली घेतो, कारण गादी नाही. गादी नाही, कारण मी ठाकर. म्हणजे वाकणं माझ्या अंगातलं नव्हतंच. ते माझ्याकडून करवून घेतलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी बार वर घेतला. उघड्या मानेवर. वजन निम्म्यावर आलं. आता छाती वर ठेवून, गुडघे पुढं काढून, मांडी पोटरीला टेकेपर्यंत खाली बसायचं होतं. पाय लटपटायचे. पोरं म्हणाली, ठाकराचं बळ गेलं. मान सोलवटली. आई करंजाचं तेल लावायची आणि शिव्या द्यायची, मला की त्यांना ते कळायचं नाही. खांदे आवळले की मानेखाली मांसाची वळी उठते. बार तिच्यावर बसवायचा, हाडावर नाही. हे मला कुणी सांगितलं नाही.

वजन हळूहळू परत चढत होतं, तेवढ्यात शेठचे पाहुणे आले. मास्तरांनी जुनं, भारी वजन चढवलं. मी त्यातल्या चकत्या उतरवल्या. बार मानेवर घेतला, ताठ खाली बसलो, ताठ उठलो.

"हे काय? बार खाली घे. वजन वाढव," मास्तर म्हणाले.

"बार हितंच ऱ्हाईल."

"पाहुणे बघतायत."

"बघू द्या. मी काय जनावर न्हाई, आन् ह्यो बाजार बी न्हाई."

शेठनी मला बाहेर जायला सांगितलं. व्यायामशाळाही गेली आणि बागेचं कामही. बा चिडला. म्हणाला, "शेठच्या पाया पड. मी जलमभर पडलो, मेलो का?"

"मेला न्हाईस बा. पर हुबा बी ऱ्हायला न्हाईस."

 मी माफी मागायला गेलो नाही.

भंगारवाल्याकडं रेल्वेच्या ढकलगाडीचा आस पडला होता, चाकांसकट. त्याची लाकडं फोडून दिली आणि बदल्यात आस घेतला. वाडीच्या गड्यांनी मिळून खळ्यावर चढवला. तेव्हापासून तिथं वजन उचललं जातंय. शेजारच्या टाकव्याचीही माणसं येतात. मी प्रत्येकाला बार वर घ्यायला लावतो.

परवा बंगल्यांवरची मंडळी डोंगरातली लेणी बघून परतताना वर आली. एकाच्या गळ्यात कॅमेरा. म्हणाला, "जरा उचलून दाखव."

मी बार खाली ठेवला. म्हणालो, "दाखवत न्हाई. उचलायचं आसंल तर चपला काढा आन् ह्येच्याखाली या."

त्यानं कॅमेऱ्याला झाकण लावलं. मग खाली उतरला.

पुन्हा आला तरी हेच ऐकेल. शेठ आला तरी हेच. आमच्यातला कुणी आता कुणाला करून दाखवणार नाही.