बुडालेल्या पायऱ्यांचं घर

'घर पाहावं बांधून' ही म्हण ज्याने काढली त्याचे दोन्ही पाय धड असणार. एकदा भाड्याने शोधून पाहा म्हणावं. तेही पेन्शनीत बसणारं आणि चाकाच्या खुर्चीला आत येऊ देणारं.

साखरेने माझा डावा पाय गुडघ्याखालून नेला तेव्हा आम्ही दोघं नवरा-बायको धुळ्यात तिसऱ्या मजल्यावर राहत होतो. लिफ्ट 'बसणार' होती. तिच्यासाठी सोडलेल्या जागेत सोसायटीने गणपतीच्या मांडवाचे बांबू रचून ठेवले होते. दवाखान्यात जायचं तर शेजारचे दोघं मला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून उचलून खाली न्यायचे. एकदा खालून कुणीतरी "मोरया!" ओरडलं आणि सगळा जिना हसला. मीही हसले, करते काय? ज्यांच्या हातात आपण लटकलेलो असतो त्यांच्यावर चिडून चालत नाही. त्या दिवशी परत आल्यावर मात्र नवऱ्याला सांगितलं, मला बंगला नको, दागिना नको, कुणाला हाक न मारता दाराबाहेर पडता येईल असं घर हवं.

धुळ्यात जमेना, म्हणून जळगाव धरलं. माझं माहेरच तिथलं. एका एजंटाला फोनवर बजावलं, "भाऊ, तळमजलाच पाहिजे हं." तो म्हणाला, "बठ्ठं व्हई जाई, अक्का." म्हणजे सगळं होऊन जाईल. पहिलाच तळमजला त्याने असा दाखवला की त्याच्या खाली पार्किंग! गाड्या जमिनीवर, माणसं अधांतरी. मी काही बोलायच्या आत तो म्हणतो, "कागदावर तळमजलाच शे." मग कागदावरच राहते, म्हटलं.

दुसऱ्या घराच्या वेळी मी शहाणी झाले होते. मालकांनाच फोन लावून विचारलं, माझी गाडी आत जाईल ना? "शे ना उतार! गाडी सरसर चढी जास," ते म्हणाले. आम्ही हरखून गेलो. जाऊन बघतो तर ओट्याला उंच उंच पायऱ्या, आणि त्यांच्या मधोमध वीतभर रुंद सिमेंटची पट्टी, मोटरसायकलच्या चाकापुरती. मालक माझ्या खुर्चीकडे बघतच राहिले. "गाडी म्हणजे ही गाडी?"

"हीच. पासिंग बाकी आहे अजून," मी म्हटलं.

त्यांची मोटरसायकल आत बैठकीत पंख्याखाली उभी होती, अंगावर धुतलेली चादर. आमच्या गावात ऊनच असं, की गाडीची काळजी घ्यावीच लागते. माणसाने काय, उड्या मारत चढावं.

मग नात्यातल्या एका शहाण्याने गावाबाहेरची 'खास ज्येष्ठांसाठी' वसाहत सुचवली. गेलो बाई. देऊळ पायऱ्यांवर, बाग पायऱ्यांवर, आणि चौकशीचं ऑफिससुद्धा पायऱ्यांवर. तिथला टायवाला साहेब खाली उतरून आला आणि म्हणाला, "ज्येष्ठांनी चालतं राहिलं पाहिजे, मॅडम." "मीही पायाला तेच सांगत होते," मी म्हटलं, "पण त्याने ऐकलं नाही." किंमत ऐकून नवऱ्याने पाणी मागितलं.

या पायऱ्यांचं शास्त्र मला शेवटी एका म्हाताऱ्या घरमालकिणीने समजावून दिलं. आमच्याकडे नवा रस्ता करताना जुना खरवडत नाहीत, त्याच्या बोडक्यावरच ओततात. दर वेळी गल्ली वर चढते, पावसाचं पाणी घरात शिरतं. म्हणून नवं घर बांधणारा आधीच ओटा उंच घेतो. "थोडी कळ काढ, बाई," ती आपल्या पायऱ्यांकडे बोट दाखवून म्हणाली. "निवडणूक आली की रस्ता होतो. दोन निवडणुकांत या बुडतील, मग ये तू गाडी घेऊन." तिने हे अगदी मनापासून सांगितलं.

"तोवर मीच बुडेन की, मावशी," मी म्हटलं. पण परतताना डोक्यात उजेड पडला. एजंटाला म्हटलं, ज्या घराच्या पायऱ्या आधीच बुडाल्यात ते घर दाखव.

तो चाचरला. "ते खड्ड्यातलं घर शे, अक्का. कोनी लेत नही."

जुन्या वस्तीतली गल्ली. रस्ता चढत चढत थेट उंबऱ्याला येऊन टेकलेला. पावसात पाणी येतं म्हणून भाडं कमी, आणि तरी रिकामं. मी चाकं ढकलली ती थेट स्वयंपाकघरात. रडूच कोसळलं मला, खोटं कशाला बोलू? नवरा भिंतीवरची ओल बघत उभा होता. त्याला म्हटलं, ओल मरू द्या, आधी संडासाचं दार मापा. ते अरुंदच निघालं. आम्ही दार काढून पडदा लावला. या वयात लाजायचं कुणाला?

पावसाळ्यात पाणी आलंच. पलंगावर बसून राहिलो. मला एकच पाय वर घ्यावा लागला, नवऱ्याला दोन, त्यामुळे कुरकूरही त्याचीच जास्त.

थंडी पडली तशी एका सकाळी गल्लीच्या तोंडाशी असोद्याच्या भरताच्या वांग्यांची हातगाडी आली. नवरा चपला शोधायला लागला. "बसा," म्हटलं, "तुम्ही आणता त्यात भरीत कमी अन् बियाच जास्त." आणि निघाले.

खुर्चीत बसल्यापासून एक झालं होतं. डॉक्टर असो, दुकानदार असो, पाहुणा असो, सगळे माझ्या डोक्यावरून खुर्ची ढकलणाऱ्याशी बोलायचे. 'यांना चहात साखर चालते का?' 'यांना झोप लागते का?' जसं काही पायाबरोबर माझी जीभही कापून नेली होती. हातगाडीवाल्यानेही सवयीने माझ्या मागे पाहिलं. मागे कुणीच नव्हतं, नुसती गल्ली. तो गोंधळला, पुन्हा एकदा पाहिलं, आणि मग नाइलाजाने खाली माझ्याकडे बघून म्हणाला, "काय देऊ, अक्का?"

मी त्याला चांगला ताटकळत ठेवला. एकेक वांगं हातात घेऊन तोलत, जड म्हणजे बियांचं, ते परत टाकत, हलकं तेवढं मांडीवर ठेवत राहिले.