पीडीएफच्या आधीची एक ओळ

"तुमचं हॉल तिकीट चिनी भाषेत येतंय," अप्पा फोनवर म्हणाले. "आमची मुलं मराठी माध्यमाची आहेत."

अप्पा म्हणजे शनिवार पेठेतल्या एका शिक्षणसंस्थेचे चिटणीस. संस्था दरवर्षी शाळकरी मुलांची शिष्यवृत्ती परीक्षा घ्यायची. त्या वर्षी हॉल तिकिटं पोस्टाने न पाठवता पहिल्यांदाच इंटरनेटवर टाकायची ठरली होती. मुलांनी सायबर कॅफेत जायचं, आपला नंबर टाकायचा, तिकीट पडद्यावर दिसलं की छापून घ्यायचं. साइट शुक्रवारी सकाळी सगळ्यांसाठी खुली व्हायची होती आणि परीक्षा रविवारी. तिकीट नसेल त्याला वर्गात बसू देणार नव्हते.

हे काम आमच्या वारज्याच्या कंपनीकडे होतं. कंपनी म्हणजे दोन बेडरूमचा फ्लॅट आणि दारावर 'सोल्यूशन्स' शब्द असलेली पाटी. तेव्हा पुण्यात जो तो सोल्यूशन्स विकत होता. प्रॉब्लेम मात्र ज्याचे त्यालाच सोडवावे लागत.

तिकीट तयार करणारा प्रोग्राम मी लिहिला होता. नंबर टाकला की प्रोग्राम त्या मुलाची पीडीएफ फाइल बनवायचा आणि ब्राउझरकडे पाठवायचा. मी तेव्हा प्रोबेशनवर होते. प्रोबेशन म्हणजे काम झालं तर ते टीमचं, बिघडलं तर तुमचं.

सोमवारी संस्थेत साइटचा शुभारंभ झाला होता. साइट चालवणारा कॉम्प्युटर, म्हणजे सर्व्हर, त्यांच्याच कार्यालयात ठेवला होता. कार्यक्रमाला आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, एकटेच गेले. येताना पेढे घेऊन आले. त्यातला एक मलाही मिळाला, बहुधा कोड माझा होता म्हणून.

मंगळवारी अप्पांचा हा फोन. मी आमच्या मशीनवर तिकीट काढून पाहिलं. छान दिसत होतं.

"आपल्याकडे चालतंय," मी सरांना म्हटलं.

"मॅडम, क्लायंट आपल्याकडे बसत नाही," सर म्हणाले. सोमवारपर्यंत तो 'आपला कोड' होता. आता सर म्हणाले, "तुमचा कोड नीट बघा."

सर स्वतः संस्थेत गेले. मालक आला की निम्मा प्रॉब्लेम सुटतो, अशी त्यांची श्रद्धा होती. तिथे त्यांनी पीडीएफ उघडणारं सॉफ्टवेअर काढून पुन्हा घातलं. पडद्यावर तीच अगम्य अक्षरं. दुसऱ्या दिवशी ब्राउझर बदलला. नव्या ब्राउझरमध्येही तीच अक्षरं आली, फक्त जरा सुबक टायपात. गंमत म्हणजे तीच फाइल सेव्ह करून वेगळी उघडली, की तिकीट नीट दिसायचं. त्यामुळे दोष ब्राउझरचाच, असं सरांनी जाहीर केलं. गावोगावच्या सायबर कॅफेतल्या ब्राउझरांचं काय करायचं, हे मात्र जाहीर केलं नाही.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. केबिन म्हणजे छोटी बेडरूम.

"उद्या तुम्ही जा. शुक्रवारी तिकीट नीट दिसलं नाही, तर तुमच्या कन्फर्मेशनचा मला फेरविचार करावा लागेल."

त्याच महिन्यात माझे वडील रिटायर होत होते. आमच्या विश्रांतवाडीच्या घरात त्यानंतर येणारा एकमेव पगार माझा असणार होता. मला भीती वाटत होती आणि तेवढाच रागही येत होता. आमच्या मशीनवर चालणारा प्रोग्राम चार-पाच मैलांवर जाऊन का बिघडावा, हे कोणी सांगत नव्हतं. दोष कोणाचा, ते मात्र ठरलं होतं.

गुरुवारी सकाळी संस्थेत गेले. सरही आले, लक्ष ठेवायला. अप्पांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि चहाचं विचारलं नाही, यावरून परिस्थितीची कल्पना आली.

मी एक नंबर टाकला. पडदाभर अक्षरांचा कचरा आला. खरं तर तो कचरा नसतो. पीडीएफ फाइलच्या पोटात तसाच मजकूर असतो. ब्राउझरला 'ही पीडीएफ आहे' असं आधी कळलं, तर तो तिचं चित्र दाखवतो. कळलं नाही, तर साधा मजकूर समजून पोट उघडून दाखवतो. हे आधी कळवायचं काम सर्व्हरचं. पण त्याची एक अट असते. कळवण्यापूर्वी एक अक्षरसुद्धा ब्राउझरकडे जाता कामा नये. गेलं, की कळवायची वेळ संपली.

म्हणून मी कचरा वरून वाचायला घेतला. प्रत्येक पीडीएफ टक्क्याच्या चिन्हाने आणि त्याला चिकटलेल्या 'पीडीएफ' या अक्षरांनी सुरू होते. ही तशी होत नव्हती. त्याआधी दोन उभ्या रेघा, मग इंग्रजी अक्षरांत 'श्री', मग पुन्हा दोन उभ्या रेघा.

"हे वरचं श्री कोणाचं?" मी विचारलं.

"कोणाचं म्हणजे?" अप्पा म्हणाले.

"हे कुठून आलं?"

"अहो, ते असतंच वर."

"कशाच्या वर?"

"सगळ्याच्याच," अप्पा म्हणाले, आणि सरांनी मान डोलावली.

दोघांनी तीन दिवस ती ओळ पाहिली होती आणि दोघांनाही ती दिसली नव्हती. वाण्याच्या यादीपासून लग्नपत्रिकेपर्यंत त्यांनी ती वाचत वाचत ओलांडलेली. आमच्या घरी तसं नाही. आजोबांनी बौद्ध धर्म स्वीकारला, तेव्हा कागदाची वरची ओळही मोकळी केली. वडील तिथे फक्त तारीख लिहितात. त्यामुळे मला ते श्री घरात शिरलेल्या अनोळखी माणसासारखं लगेच दिसलं.

"अप्पा, हे टाइप कोणी केलं?"

"मीच," अप्पा अभिमानाने म्हणाले. "शुभारंभाला. कॉम्प्युटरला फीत कुठे बांधणार? मी म्हटलं, काहीतरी लिहूनच सुरुवात करू. तुमच्या सरांनी फाइल उघडून दिली. अगदी पहिल्या ओळीच्या वर जागा करून दिली. एका बोटाने टाइप केलं मी."

मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेरची रहदारी फार लक्ष देऊन पाहत होते.

मी प्रोग्रामची फाइल उघडली. 'इथून प्रोग्राम सुरू' अशी खूण पहिल्या ओळीत असते. खुणेच्या आधी जे काही लिहाल, ते सर्व्हर जसंच्या तसं ब्राउझरला पाठवतो. श्री त्या खुणेच्या वर बसलं होतं; आमच्या मशीनवरच्या प्रतीत ते नव्हतंच. पीडीएफ उघडणारं वेगळं सॉफ्टवेअर सुरुवातीची काही अक्षरं सोडून पुढे पीडीएफ शोधायचं, म्हणून सेव्ह केलेली फाइल उघडत होती.

"काढून टाकते," मी म्हटलं.

"काय?" अप्पा ताठ बसले. "शुभारंभाचं श्री? परीक्षेच्या तोंडावर?"

"राहू द्या ना मग," सर म्हणाले. खरंच म्हणाले.

माझी नोकरी त्या एका श्रीमध्ये अडकली होती आणि ते पुसायला हात शिवशिवत होते. पण सर्व्हर अप्पांचा होता. मी श्री उचललं, सुरुवातीच्या खुणेच्या खाली आणलं आणि त्याच्या आधी दोन तिरक्या रेघा मारल्या. अशा रेघांपुढचं प्रोग्राम वाचत नाही.

"श्री आहे, अप्पा. फक्त आता कॉम्प्युटर त्याच्याकडे बघणार नाही."

"म्हणजे असून नसल्यासारखं?"

"तुम्हाला तीन दिवस होतं, तसंच."

अप्पांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मी नंबर टाकला. हॉल तिकीट आलं, मुलीचं नाव, केंद्र, फोटोची चौकट, सगळं जागच्या जागी. अप्पांनी ते चष्मा वर-खाली करून वाचलं आणि आत आवाज दिला, "तीन चहा आणा हो."

शुक्रवारी साइट खुली झाली आणि रविवारी मुलं परीक्षेला बसली. सरांनी संस्थेला मेल लिहिली, त्यात 'ब्राउझरची तांत्रिक अडचण आमच्या टीमने दूर केली' असं होतं. मी कन्फर्म झाले. त्या मेलमधली टीम कोण, हे मी विचारलं नाही.

पीडीएफ दिसत नसेल, तर सॉफ्टवेअर बदलण्याआधी पहिली ओळ वाचावी, एवढंच मी या धंद्यात शिकले. ती वाचायला मात्र तिची सवय नसलेला माणूस लागतो.

पुढच्या प्रोजेक्टच्या शुभारंभाला सर मला सोबत घेऊन गेले. क्लायंटने नारळ फोडला. मग सर कीबोर्डजवळ गेले, थांबले, आणि हळूच माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, श्री कुठे लिहू?"

"कागदावर, सर."