माहूरच्या घाटात थांबलेली गाडी

ज्या डोंगरावर आईचं ठाणं आहे, त्याच डोंगरावर माणसं नेणाऱ्या तिच्या लेकराला भीतीनं का गाठावं, हा प्रश्न मी रेणुकामातेला बरेच दिवस विचारत होतो. विचारत कसला, भांडतच होतो. आमचं गाव नायगाव तालुक्यात. घरी थोडी शेती आहे, पण घर चालतं ते माझ्या प्रवासी गाडीवर. लग्नाची वऱ्हाडं, धर्माबादचा बाजार, आणि दरसाल माहूरच्या खेपा. आजवर आईच्या दारी मी किती माणसं नेऊन पोचवली असतील ते तिलाच ठाऊक. म्हणून तर राग जास्त होता.

त्या हिवाळ्यापासून मला काहीतरी व्हायला लागलं होतं. कधी जेवता जेवता, कधी नुसता ओट्यावर बसलेलो असताना छाती एकदम धडधडायची, हातापायांना मुंग्या यायच्या, गळा कोणी आवळतंय असं वाटायचं, आणि आता आपण मरणार याची पक्की खात्री व्हायची. थोड्या वेळानं सगळं ओसरायचं आणि मी घामानं भिजून बसलेला असायचो. नांदेडला छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, ती चांगली निघाली. मग चुलत्यांनी एका जाणत्याकडं नेलं. त्यानं करणी सांगितली आणि दंडाला गंडा बांधला. माझी बायको सुनंदा म्हणायची की दुसऱ्या डॉक्टरला दाखवू, पण कुठल्या डॉक्टरला ते तिलाही माहीत नव्हतं. थोरला भाऊ एकच सांगायचा, बाहेर बोलू नको. ड्रायव्हरचं डोकं फिरलंय असं कळल्यावर गाडीत बसणार कोण?

फाल्गुनात गावातली मंडळी घेऊन माहूरला निघालो. भोकरच्या स्टँडजवळ एक म्हातारी हात करून उभी होती. तिची एसटी चुकली होती आणि तिलाही गडावरच जायचं होतं. मागच्या सीटवर जागा होती, ती बसली. वाटेत ती कोणाशी फारसं बोलली नाही. माहूर मागं टाकून गडाचा चढ लागला, एक वळण घेतलं, आणि माझी छाती उधळली. आजवर गाडी चालवताना असं कधीच झालं नव्हतं. हात लाकडासारखे झाले. एवढंच भान राहिलं की गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन थांबवली आणि हँडब्रेक ओढला. मग मी स्टिअरिंगवर कोसळलो.

आत एकच गलका झाला. कोणी म्हणालं, दारू प्यालाय. कोणी म्हणालं, देवीच्या हद्दीत आल्यावर अंगातलं बाहेर पडून राहिलंय, लिंबू आणा. दोघीजणी रडायला लागल्या. तेवढ्यात ती म्हातारी मागून उठून पुढं आली आणि तिनं गाडीतल्या मंडळींकडं तोंड करून शांतपणे सांगितलं, "ह्यो प्यालेला न्हाई आन ह्याच्या अंगात कोणी शिरलं बी न्हाई. माझ्या भावाला असंच व्हायचं. मनाचं दुखणं हाय, तापासारखं. आता चढलंय, आता उतरंल. चाकाखाली दगड लावा आन गप बसा."

दोघं उतरून चाकाखाली दगड लावायला गेले. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात खरखरीत होता, एवढं मला अजून आठवतं. श्वास घाई न करता सोड म्हणाली, आणि स्वतः माझ्याबरोबर श्वास सोडत उभी राहिली. हळूहळू समोरचा रस्ता परत दिसायला लागला. तेव्हा ती वाकून फक्त मला ऐकू जाईल असं बोलली, "बाबा, आईला हात जोड, आन मग नांदेडच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर बसतात, तिथं जा. लेकरानं दवाखान्यात जाऊ नये असं कुठली आई म्हणती?"

आमच्यातले गंगाधरमामा पूर्वी ट्रक चालवायचे. पुढची गाडी त्यांनी नेली. पायऱ्या चढून वर गेल्यावर मी त्या म्हातारीला रांगेत शोधलं, प्रसादाच्या दुकानांपाशी शोधलं, ती कुठं दिसली नाही. ती कोण होती याचा मी खल करत बसलो नाही. कोणी म्हणेल साधी बाई होती, कोणी म्हणेल आईच आली होती. मी गाभाऱ्यापुढं उभा राहिलो तेव्हा भांडायला शब्दच उरले नव्हते. भीती जिथं अंगावर आली, तिथंच तिच्यावरचा इलाजही कानावर पडला होता, आणि दुखण्याचं नाव तर भरल्या गाडीसमोर.

परत आल्यावर नांदेडच्या सरकारी दवाखान्यात गेलो, तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. हा भीतीचा आजार आहे, बरा होतो, मी सांगेपर्यंत गाडीला हात लावायचा नाही, असं त्या म्हणाल्या. गाडी दारात उभी राहिली. गावात बातमी माझ्याआधी पोचली होती आणि मला पाहून माणसं बोलणं बदलायची. सुनंदा मात्र गोळ्यांची वेळ चुकू देत नव्हती. आईच्या फोटोपुढं दिवा लावायची आणि तिथंच ठेवलेली गोळी माझ्या हातावर द्यायची. पावसाळा सरता सरता डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता चालवा.

नवरात्रात दवाखान्याची माणसं मनाच्या आजारांची माहिती द्यायला आमच्या गावात येणार होती. गावात घरोघरी आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंनी मला विचारलं, तुम्ही मंडपात चार शब्द बोलाल का? भाऊ संतापला. झाकली मूठ सव्वा लाखाची, तू ती चारचौघांत उघडू नको, म्हणाला. त्याचं माझ्यावर प्रेम आहे, म्हणूनच तो भीत होता. पण मला घाट आठवत होता. त्या बाईनं आपल्या भावाचं दुखणं लपवलं असतं तर मी आजही गंडा बांधून बसलो असतो.

मी उभा राहिलो आणि जे झालं ते सांगितलं. करणी सांगितली, गंडा सांगितला, गोळ्याही सांगितल्या. मग मागून एकानं विचारलं, "समदं खरं, पर आता तुझ्या गाडीत बसावं कसं?" प्रश्न रास्त होता. मी म्हणालो, "डॉक्टरनं चालव म्हटल्याशिवाय मी चावीला हात लावला न्हाई. इथं बीपीची गोळी खाऊन ट्रॅक्टर चालवणारे लई जण हायत. त्यांनी बी डॉक्टरला विचारलंय का?" माणसं हसली. पहिल्या रांगेत बसलेल्या सरपंचांच्या आई तिथूनच म्हणाल्या, सकाळी मला धर्माबादला सोड.

काही गिऱ्हाइकं तुटली ती परत आली नाहीत. पण दुसरी माणसं यायला लागली, आधी मागच्या दारानं. कोणाचा भाऊ झोपत नाही, कोणाची मुलगी बोलत नाही. मी सगळ्यांना एकच सांगतो, पुढच्या दारानं या, ताप आल्यावर येता तसे. दवाखान्याच्या दिवशी माझी गाडी आता नांदेडला जाते आणि बहुतेक वेळा भरलेली असते. सगळं तुझ्यावर सोपवलं असं मी आईला पूर्वीही म्हणायचो, पण लोक काय म्हणतील ही काळजी तेवढी स्वतःकडं ठेवायचो. ती सुद्धा तिच्या पायाशी ठेवली तेव्हा कुठं मोकळा झालो.

परवा एक सासूबाई आपल्या बाळंतीण सुनेला घेऊन गाडीत होत्या. वाटेत चहाला थांबलो. त्यांच्या ओळखीचा माणूस खिडकीशी आला, सकाळी सकाळी कुणीकडं म्हणून विचारायला लागला. मला वाटलं, आता पाहुण्यांकडं म्हणतील. त्यांनी पदर सारखा केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "सुनेला दवाखान्यात नेऊन राहिले. बाळंतपणापासून तिचं मन आजारी हाय. औषधानं फरक हाय."

तो म्हणाला, "हाव, मग औषध मधीच सोडू देऊ नका." एवढंच बोलून त्यानं दोघींसाठी चहा सांगितला. घरापासून मान खाली घालून बसलेल्या त्या मुलीनं वर पाहिलं आणि खिडकीतून हात बाहेर काढून कप घेतला. मी मनातल्या मनात आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि त्या मुलीचा चहा संपेपर्यंत गाडी सुरू केली नाही.