प्रेमानंदची चुकलेली चाल

नागपूरच्या इंदोऱ्यात प्रेमानंद मेश्रामचं घर कुठलं असं विचारलंत, तर लहान पोरंही बोट करून दाखवतील. माझ्याच बरोबरीचा, म्हणून आमचं अरेतुरे चालतं. सत्तरी जवळ आली, निम्मे दात गेले, पण पेटी पुढ्यात आली की हा अजून नवरदेवासारखा सावरून बसतो. त्याची गायन पार्टी बुद्ध जयंतीला, चौदा एप्रिलला वस्तीवस्तीत गाजली. माझं घर त्याच्या भिंतीला भिंत लावून. त्यांच्या तालमी ऐकून ऐकून माझ्या घरातली भांडीसुद्धा एव्हाना सुरात पडत असतील. एवढी वाहवा मिळवलेल्या माणसाला दाद मात्र हवी होती एकाचीच, बापाची.

बाप म्हणजे नत्थूजी. सावनेरकडच्या एका खेड्यात ते सनई वाजवायचे. त्यांच्या सनईशिवाय मातेची पालखी हलायची नाही. देवळाची पायरी आली की पालखी आत जायची आणि नत्थूजी बाहेर उन्हात उभे राहायचे. मग कोणीतरी त्यांच्या ओंजळीत वरून शिळी भाकर टाकायचं. छप्पन साली त्यांनी नागपुरात दीक्षा घेतली, गावी परतले आणि सनई कन्हानच्या धारेत सोडून दिली. पालखीची ती चाल पुन्हा हातानं वाजवणार नाही, तोंडानं गुणगुणणारही नाही, असं बायकोला सांगितलं आणि बिऱ्हाड उचलून नागपुरात गिरणीत लागले. योग्यच केलं. त्यांच्या जागी मी असतो, तर सनईबरोबर आणखी दोन-चार वस्तू नदीत फेकल्या असत्या.

पण चाल घरात राहिलीच. नत्थूजी कामावर गेले की त्यांची बायको, यमुताई, तांदूळ निवडताना ती गुणगुणायच्या. मांडीशी बसलेल्या प्रेमानंदनं ती तिथूनच उचलली. मोठा झाल्यावर त्यानं तिच्यावर बुद्धाच्या करुणेचं गाणं बांधलं. आमच्याकडे ही रीतच आहे, चाल जुनी आणि शब्द आपले. देवळाबाहेर वाजलेली चाल आता विहारात मानानं येईल, बापाची विद्या बापाला परत मिळेल, असा त्याचा भाबडा हिशोब. बापाला काही न सांगता त्यानं बुद्ध जयंतीच्या संध्याकाळी त्यांना मांडवात पहिल्या रांगेत बसवलं आणि गाणं सुरू केलं.

दुसऱ्या कडव्यालाच नत्थूजी उठले. टोपी नीट केली आणि कुणाकडे न बघता मांडवाबाहेर निघून गेले. पेटीवरची बोटं अडखळली, तरी प्रेमानंदनं गाणं पुरं केलं. लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. पुढे ते गाणं गावोगाव गेलं, लग्नांत वाजलं, दुसऱ्या पार्ट्यांनीही उचललं. घरात मात्र बाप-लेक त्याचं नाव काढत नसत. बाप ज्या पायरीवरून उठून आला तिथंच आपण त्याला परत नेऊन उभं केलं, असं प्रेमानंदनं मनाशी धरलं.

मी किती वेळा म्हटलं, "अबे, एकडाव इचार ना त्याले!"

"कोणत्या तोंडानं इचारू गा?" तो म्हणायचा.

असं करता करता नत्थूजी गेले. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपला, मी सतरंज्या गुंडाळत होतो, तेव्हा यमुताईंनी लेकाला जवळ बोलावलं.

"तुहा बाप रागावला नव्हता गा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी घरी येऊन म्हणे, पोरगं चांगलं गायलं. बसलो असतो तं माह्या तोंडातून चाल निघाली असती, म्हणून उठलो. म्हणे, एका जागी चुकून राहिला तो. तिथं सूर वर नाही जात, खाली उतरते."

"मंग मले काहून नाही सांगतलं त्यायनं?"

"मी म्हटलं ना, सांगा त्याले. तं म्हणे, सांगतलं तं वाजवून दाखवा लागन."

प्रेमानंद भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडला. मग आईच्या पुढ्यात बसला आणि म्हणाला, "तूच सांग आता, कसा उतरते?" यमुताई गायला लागल्या. त्यांनी सनई ऐकली ती बायांच्या घोळक्यातून, दुरून. चूक मुळात त्यांच्याच गुणगुणण्यातली होती. त्या जागी आल्या आणि त्यांचा सूर पुन्हा वरच गेला.

मला दोघांचाही राग येतो. बापानं शपथ पाळली, लेकानं भीड पाळली. दोघं एकाच ताटलीतलं कालवण खात बसायचे, पण कुणी तोंड उघडलं नाही. नत्थूजींच्या साथीला वाजवणारं आता कुणी हयात नाही, आणि त्या खेड्यात पालखीपुढे डीजे असतो.

यंदाच्या बुद्ध जयंतीला प्रेमानंदची नात उन्नती ते गाणं म्हणणार होती. ती मिहानमधल्या एका कंपनीत नोकरी करते, गळा आजोबाचा आहे. तालमीत ती त्या जागेवर आली की आजोबा हात वर करून तिला थांबवायचा. चौथ्यांदा थांबवल्यावर ती वैतागली.

"आजोबा, काहून थांबवून राहिले तुम्ही? सगळे असंच तर गातात. छान वाटते ना!"

प्रेमानंदनं पेटीवर एक खालचा सूर दाबून पाहिला, मग त्याच्याही खालचा, मग तिसराच कुठला तरी. मग भाता बंद केला.

"छान हाये वं," तो म्हणाला, "पण माह्या बापाचं नाही."